ओळी लिहा, मशिन हजर!

पंचवीसेक ओळी टाइप करायच्या, एक आज्ञा द्यायची, आणि थोड्याच वेळात कुठल्याशा डेटा सेंटरमध्ये एक नवा कोरा संगणक तुमच्यासाठी चालू झालेला असतो. खोकं फोडलं नाही, वायर जोडली नाही. हे होतं तरी कसं?

हा संगणक म्हणजे ‘व्हर्च्युअल मशिन’. एका धिप्पाड सर्व्हरचा प्रोसेसर, मेमरी आणि डिस्क सॉफ्टवेअर अशा खुबीनं वाटून देतं, की प्रत्येक हिस्सा स्वतंत्र संगणकासारखाच वागतो. कल्पना जुनी आहे. आयबीएमनं व्हीएम/370 आणलं ते 1972 मध्ये! 2006 मध्ये अ‍ॅमेझॉननं ईसी2 ही सेवा सुरू केली आणि अशी मशिन्स ‘क्लाउड’वर तासाच्या भाड्यानं मिळू लागली.

एक मशिन हवं असेल तर वेबपानावर बटणं दाबून काम भागतं. पन्नास हवी असतील तर? आणि पन्नासही अगदी एकसारखी?

इथं 2014 मध्ये आलेलं हॅशिकॉर्प कंपनीचं टेराफॉर्म हे साधन मदतीला येतं. त्याला ‘हे कर, मग ते कर’ असं सांगावंच लागत नाही! काय हवं आहे, एवढंच फाइलमध्ये लिहायचं. मशिनच्या वर्णनात नेटवर्कचा उल्लेख दिसला, की नेटवर्क आधी उभारायचं हे ते आपलं आपण ओळखतं. ज्या गोष्टी एकमेकींवर अवलंबून नाहीत, त्या एकाच वेळी करायला घेतं. आणि कशालाही हात लावण्याआधी ‘प्लॅन’ दाखवतं: काय नव्यानं येणार, काय बदलणार, काय नष्ट होणार.

पण चाचणीसाठी एक संच, प्रत्यक्ष वापरासाठी दुसरा, असं करत तोच मजकूर पुन्हा पुन्हा चिकटवला, की सुरक्षेचा एक नियम बदलायला दहा फाइली उघडाव्या लागतात. एक जरी राहिली, तरी तेवढीच फट पुरते.

यावर उपाय म्हणजे मॉड्यूल. घरातला सोऱ्या आठवा. भांडं तेच, दांडा तोच. चकती बदलली की कधी शेव, कधी चकली. मॉड्यूलमध्ये मशिन, त्याचं नेटवर्क कार्ड, डिस्क आणि सुरक्षेचे नियम एकदाच लिहून ठेवायचे; नाव, आकार, नेटवर्क एवढंच बाहेरून द्यायचं. मशिन तयार झालं, की त्याचा आयपी पत्ता मॉड्यूल परत देतं. 2020 पासून तर त्याला नावांची यादीच देता येते. यादीत जितकी नावं, तितकी मशिन्स!

बाहेरून काय ठरवू द्यायचं आणि आत काय झाकून ठेवायचं, हे ठरवण्यातच खरं कसब आहे. जे निर्णय पुढे बदलण्याची शक्यता आहे ते मॉड्यूलच्या आत झाकावेत, हे संगणकशास्त्रज्ञ डेव्हिड पार्नास यांनी 1972 मध्येच मांडलं होतं. क्लाउडचा मागमूसही नसतानाचं हे सूत्र आज क्लाउडला तंतोतंत लागू पडतं!

सगळ्यात थक्क करणारी गोष्ट पुढेच आहे. चालू मशिनचं वर्णन मॉड्यूलमध्ये हलवलं, की टेराफॉर्मच्या नोंदीतला त्याचा पत्ता बदलतो. टेराफॉर्म मग समजतं, की जुनं मशिन नकोसं झालंय आणि नवं हवंय. म्हणजे लाखो ग्राहकांचा डेटा सांभाळणारं मशिन पाडून दुसरं बांधायची तयारी! 2021 च्या अखेरीस आलेल्या 1.1 आवृत्तीत यावर तोड निघाली: ‘मूव्ह्ड’ नावाचा छोटा ब्लॉक. जुना पत्ता हा, नवा पत्ता हा, बस्स. आता पूर्ण रचना नव्यानं मांडली तरी प्लॅन सांगतो: भर शून्य, बदल शून्य, नाश शून्य. मशिन चालूच राहतं, वापरणाऱ्याला पत्ताही लागत नाही.

तुम्ही हे करून पाहणार असाल, तर सुरुवात एकाच छोट्या मॉड्यूलपासून करा. आणि होकार देण्याआधी प्लॅनमधला शेवटचा आकडा नक्की वाचा. तो शून्य नसेल, तर थांबा आणि का नाही ते आधी शोधा.