डिकेमाली

भंडारा जिल्ह्यातील लाखांदूर हा धानाचा मुलूख. वैनगंगा आणि चुलबंद यांच्या काठच्या बांध्या ओलांडून पूर्वेकडे गेले, की गोंदिया जिल्ह्यातील नवेगावच्या टेकड्या लागतात. ऐन, धावडा, तेंदू, मोहा अशा पानझडी जंगलांत, मध्य भारतात बऱ्याच ठिकाणी, खडकाळ उतारांवर एक लहानसे झाड वाढते. त्याची पांढरी फुले सुवासिक असतात. पण कोवळ्या फांदीच्या टोकाला हात लावावा तर बोटे चिकटतात आणि वासाने नाक मुरडावे लागते. ही डिकेमाली. बागेतल्या गंधराजाची ती बहीण आणि कॉफीच्या कुळातली.

बाळगुटीतल्या जिनसांत वेखंड, मुरडशेंग, काकडशिंगी यांच्या जोडीला डिकेमालीचा खडा तुमच्या आजीने सहाणेवर उगाळलेला असेल. पोटात वारा धरला, जंत झाले, दात येताना मूल किरकिर करू लागले, की तिची आठवण होई. गुराच्या जखमेवरही ती लावीत. तिच्या वासाने माश्या जखमेवर बसत नाहीत.

झाड मात्र ही राळ माणसासाठी करीत नाही. पानाची कळी अगदी कोवळी असते. तिच्यावर राळेचा थेंब साचतो आणि रोगणासारखा लेप बसतो. त्यामुळे आतले पाणी उडून जात नाही आणि किडेही सहसा तोंड लावीत नाहीत. गोळा करणारे राळेच्या थेंबासकट कळीच खुडतात, म्हणून बाजारातल्या खड्यात काड्या व सालीचे तुकडे सापडतात. ज्या कळीतून पालवी फुटायची तीच गेल्यावर झाडाचे काय होणार, हे सांगायला नको.

आता एक प्रयोग करून पाहा. बाभळीचा डिंक पाण्यात टाका, तो विरघळतो. डिकेमालीचा खडा टाका. तो बहुतेक तसाच राहतो. स्पिरिटमध्ये मात्र तो विरघळून पिवळा द्राव होतो. (स्पिरिट पेट घेते. शिक्षकांसमोरच करा, जवळ दिवा नको.) डिंक आणि राळ यांतला हा मोठा फरक. यावरूनच आजीच्या उगाळण्यातली अडचणही कळते. राळ पाण्यात उतरत नाही, तिचे कण नुसते तरंगतात. एका वळशात किती औषध आले, हे कुणालाच सांगता येणार नाही. प्रयोगशाळेत तिच्या अर्कांचा जीवाणूंवर परिणाम दिसला आहे, पण तान्ह्या मुलाला किती द्यावे हे त्यावरून ठरत नाही. घरातल्या बाळाला डॉक्टरांना विचारल्यावाचून ती चाटवू नये.

त्या पिवळ्या रंगाचा शोध जुना आहे. 1856 मध्ये जॉन स्टेनहाउस या रसायनशास्त्रज्ञाने राळेतून पिवळे स्फटिक वेगळे केले. त्यांना गार्डेनिन हे नाव मिळाले. पुढे 1970 मध्ये ए. व्ही. रामाराव, के. वेंकटरामन आणि त्यांचे सहकारी यांनी या राळेतील पाच फ्लेव्होने वर्णिली. वेंकटरामन हे पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेचे पहिले भारतीय संचालक. या पाचांपैकी गार्डेनिन-बी हे टँजेरेटिन या संयुगाचे अगदी जवळचे भावंड आहे. रेणूतला एकच मिथिल गट काय तो कमी. आणि टँजेरेटिन कुठे सापडते? मँडरिन संत्र्याच्या सालीत. आपले नागपुरी संत्रे त्याच जातीचे.