आधी हिशोब, मग टक्कर

टीव्हीवर हिरवंगार टेबल, हातात कन्सोलचा कंट्रोलर. त्यावरची स्टिक मागे ओढून पुढे ढकलली की पांढरा बॉल सुटतो, लाल बॉलला लागतो आणि लाल कोपऱ्यातल्या पॉकेटमध्ये नाहीसा होतो. 2019 साली लॅब 42 या ब्रिटिश स्टुडिओने केलेल्या ‘स्नूकर 19’ सारख्या खेळात हे इतकं सहज घडतं की, त्यात नवल करण्याजोगं काही आहे असं वाटतही नाही. नवल आहे, आणि ते एका साध्या गुणाकारापासून सुरू होतं.

कन्सोल सेकंदाला 60 चित्रं दाखवतोय असं धरा. जोरात मारलेला बॉल सेकंदाला 5 मीटर वेगाने निघाला, तर एका चित्रापासून पुढच्या चित्रापर्यंत तो 8 सेंटिमीटरहून जास्त अंतर कापतो. स्नूकरच्या बॉलचा व्यास असतो फक्त 52.5 मिलिमीटर. म्हणजे एका चित्रात पांढरा बॉल लालच्या अलीकडे असेल आणि पुढच्या चित्रात, लालला न शिवता, अर्धाअधिक त्याच्या पलीकडे पोचलेला असेल. टक्कर व्हायची ती या दोन चित्रांच्या मधे, जिथे दाखवायला चित्रच नाही. खेळाने फक्त दिसणाऱ्या क्षणांचीच तपासणी केली, तर बॉल एकमेकांतून भुतासारखे आरपार जाऊ शकतील.

यावर एक उपाय म्हणजे वेळेचे आणखी बारीक तुकडे पाडून प्रत्येक तुकड्यात बॉल कुठे आहे हे पाहायचं. दुसरा उपाय मला विलक्षण वाटतो. त्यात बॉलचा पाठलाग करायचाच नाही, त्याचं भविष्य काढायचं. कापडावरून घसरणाऱ्या किंवा गडगडणाऱ्या बॉलचा वेग घर्षणामुळे ठरावीक दराने बदलतो, त्यामुळे तो कोणत्या क्षणी कुठे असेल हे सूत्रात मांडता येतं. दोन बॉलच्या केंद्रांमधलं अंतर नेमकं एका व्यासाइतकं कधी होईल, असा प्रश्न विचारला की काळाचं चौथ्या घाताचं समीकरण हाती येतं. टेबलावर 22 बॉल, म्हणजे त्यांच्या 231 जोड्या. शिवाय टेबलाच्या कडा, म्हणजे कुशन, आणि पॉकेटं. या सगळ्यांतून सर्वांत आधी येणारी टक्कर निवडायची, थेट त्या क्षणावर उडी घ्यायची, नवे वेग काढायचे आणि पुन्हा तोच प्रश्न विचारायचा. या रीतीने चालणाऱ्या खेळात, क्यूची काठी पांढऱ्याला टेकते न टेकते तोच, सगळे बॉल कुठे थांबणार हे यंत्राला कळलेलं असू शकतं. आपण श्वास रोखून पाहत असतो तेव्हा निकाल लागून गेलेला असतो!

खेळाडूला मात्र भविष्य सहजासहजी मिळत नाही, कारण चूक फार झपाट्याने वाढते. पांढरा बॉल दीड मीटरवरच्या लालकडे निघाला आणि नेम अंशाच्या फक्त दहाव्या भागाने चुकला, तर लाल जवळजवळ तीन अंशांनी भरकटतो. टक्कर चुकीला अंतर भागिले व्यास इतक्या पटीने फुगवते, इथे सुमारे 28 पट. लालला पुढे आणखी दीड मीटर जायचं असेल तर तो पॉकेटच्या मध्यापासून साडेसात सेंटिमीटर बाजूला जाऊन कुशनवर आदळतो. म्हणूनच स्टिक जिकडे झुकेल तिकडे क्यू रोखला, अशी सरळ व्यवस्था चालत नाही. अंगठ्याला इतकी बारीक हालचाल जमत नाही आणि स्टिकलाही ती मोजता येत नाही. त्यापेक्षा स्टिक जितकी कलेल तितक्या वेगाने नेम फिरतो असं ठेवणं सोयीचं. हलकेच कलवून धरली की नेम मुंगीच्या चालीने सरकतो.

याच वाढत्या चुकीचा धाक प्रोग्रामरलाही असतो. संगणक नेहमीच्या अपूर्णांकात साधारण सात आकडेच धरून ठेवतो, पुढचे सोडून देतो. लाल बॉलचा त्रिकोण फुटताना टकरीमागून टक्कर होते आणि त्या सोडलेल्या आकड्यांची चूकही वाढत जाते. दोन शहरांत बसलेले दोघे ऑनलाइन खेळत असतील आणि त्यांच्या यंत्रांनी आकडे किंचित वेगळे धरले, तर एकाला सोपा दिसणारा लाल दुसऱ्याकडे काळ्या बॉलमागे दडलेला असेल. अशा वेळी एकाच यंत्राचा निकाल दोघांसाठी खरा मानावा लागतो.

स्नूकरचा खेळ जन्मला आपल्याकडेच. 1875 साली जबलपूरच्या छावणीत नेव्हिल चेंबरलेन या ब्रिटिश अधिकाऱ्याने बिलियर्ड्सच्या टेबलावर त्याची मांडणी केली. पण त्यातलं गणित त्याहून जुनं आहे. पृथ्वीच्या फिरण्यामुळे वारे वळतात, त्या परिणामाला ज्याचं नाव आहे, त्या कोरिओलिस या फ्रेंच गणितज्ञाने 1835 साली बिलियर्ड्सच्या गणितावर अख्खा ग्रंथ लिहिला. टकरीनंतर फिरता बॉल कापडावर घसरत जातो, तेव्हा त्याची वाट पॅराबोला असते, हे त्यात आहे.

ते घरबसल्या कन्सोलवर पाहता येतं. सरावासाठी एकट्याने खेळायची सोय असेल तर एक लाल मोकळा ठेवा आणि पांढरा बॉल त्यावर बरोबर अर्धा लागेल असा नेम धरा. पहिल्यांदा स्टन मारा, म्हणजे लालला भिडताना पांढरा गडगडत नसेल, नुसता घसरत असेल. लाल एका बाजूला 30 अंशांनी जाईल, पांढरा दुसऱ्या बाजूला 60 अंशांनी, म्हणजे दोघांत जवळजवळ काटकोन. आता तोच नेम ठेवून पांढऱ्याला गडगडत जाऊ द्या. तो आधी त्याच 60 अंशांच्या वाटेला लागेल, पण टकरीतून शाबूत राहिलेली त्याची गिरकी त्याला पुढे ओढेल, वाट वाकेल आणि अखेर मूळ दिशेपासून 34 अंशांच्या आसपास सरळ होईल. नेम थोडा जाड किंवा बारीक करून पाहा, हा कोन फारसा हलत नाही. मुरलेले खेळाडू पुढच्या रंगीत बॉलसाठी पांढऱ्याची जागा आधीच सांगतात, ती बरीचशी याच कोनाच्या भरवशावर.