स्थगिती आणि खेळाडूचे मन

२४ मार्च २०२० रोजी टोकियोची पॅरालिंपिक स्पर्धा लांबणीवर पडली. त्याच दिवशी भारतात टाळेबंदी जाहीर झाली. २०१८ च्या आशियाई पॅरा स्पर्धेत सुवर्णपदक मिळविणारे सोलापूर जिल्ह्यातील सुयश जाधव यांच्यासारख्या, दोन्ही हात गमावलेल्या जलतरणपटूच्या दृष्टीने याचा अर्थ काय? धावपटूस अंगणातही थोडाफार व्यायाम साधतो. जलतरणपटूस पाण्यावाचून गत्यंतर नाही. सरावासाठी तलाव उघडण्यास केंद्राची अनुमती मिळाली ती १५ ऑक्टोबरपासून. अपंग खेळाडूस आपल्या सामर्थ्याचा प्रत्यय जेथे येतो, ते स्थानच मिटले, तर सरावाबरोबर आत्मप्रत्ययही खंडित होतो. अशा वेळची अस्वस्थता ही मनोदुर्बलता नव्हे, तो परिस्थितीला दिलेला स्वाभाविक प्रतिसाद होय. म्हणूनच उपाययोजनेत समुपदेशनाइतकेच सुरक्षितपणे उघडलेल्या तलावालाही स्थान असले पाहिजे.