पिकअपचा संगणक आणि गावचा फिटर

सातपुड्याच्या पायथ्याला, विदर्भातल्या संग्रामपूर तालुक्यात वसलेल्या सोनाळा परिसरातला कापूस आणि संत्री बाजारात पोहोचवायला पिकअपसारखी सोयीची गाडी नाही. ऐन हंगामात ती दोन दिवस उभी राहिली, की माल खोळंबतो आणि गाडीचा हप्ता मात्र चुकत नाही. म्हणूनच गाडी किती वेळा बिघडते याइतकेच ती कुठे दुरुस्त होते हेही इथे महत्त्वाचे ठरते.

जुन्या डिझेल गाडीचे दुखणे फिटर आवाजावरून ओळखायचा. पंप यांत्रिक होता, नोझल साधे होते. कॉमन रेल इंजिने आली आणि इंधनाचा दाब हजार बारच्या वर गेला. किती डिझेल, कोणत्या क्षणी सोडायचे, हे आता सेन्सरच्या माहितीवरून संगणक ठरवतो. त्यामुळे ताकद वाढली, धूर घटला. मात्र हे इंजेक्टर फार नाजूक असतात. कॅनमध्ये साठवलेल्या डिझेलातले पाणी किंवा बारीक धूळही त्यांना निकामी करू शकते.

1 एप्रिल 2020 पासून देशभर वाहनांच्या धुरासाठीचे बीएस-6 मानक लागू झाले. डिझेलमधल्या गंधकाची मर्यादा दहा लाख भागांत 50 वरून 10 भागांवर आली. सोबत बहुतेक डिझेल गाड्यांच्या धुराड्यात काजळी अडवणारा फिल्टर, म्हणजे डीपीएफ, बसला. साचलेली काजळी जाळायला त्याला सुमारे 600 अंश उष्णता लागते, आणि त्यासाठी गाडी काही वेळ सलग, बऱ्या वेगाने धावावी लागते. शेत ते गाव अशा छोट्या फेऱ्यांत ते घडत नाही. फिल्टर तुंबतो, डॅशबोर्डवर दिवा लागतो, इंजिन ओढ कमी करते. दिव्याकडे दुर्लक्ष केले तर खर्च वाढत जातो.

हा प्रश्न एकट्या विदर्भाचा नाही. ऑस्ट्रेलियात हायलक्स, प्राडो आणि फॉर्च्युनर या डिझेल गाड्यांची डीपीएफ यंत्रणा सदोष असल्याचा निकाल तिथल्या फेडरल न्यायालयाने 2022 मध्ये दिला. अडीच लाखांहून अधिक गाड्यांचा तो खटला होता.

जुन्या इंजिनांकडे परत जाणे हा उपाय नव्हे. तो काळा धूर गावातल्याच माणसांच्या छातीत जात होता. खरी उणीव दुरुस्तीच्या ज्ञानाची आहे. नव्या गाडीचा दोष-कोड वाचायला स्कॅनर लागतो, आणि कोड वाचल्यावरही सेन्सर बिघडला की त्याची वायर तुटली, हे तपासायला कंपनीची तांत्रिक माहिती हाताशी असावी लागते. ती नसली, की अंदाजाने महागडा सुटा भाग बदलला जातो, किंवा गाडी टो करून शहर गाठावे लागते.

केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने जुलै 2022 मध्ये ‘दुरुस्तीच्या हक्का’साठी समिती नेमली. तिच्या कक्षेत वाहने आणि शेती अवजारे दोन्ही आहेत. या हक्काचा लाभ गावापर्यंत यायचा, तर कंपन्यांनी दुरुस्तीची पुस्तिका मराठीत द्यायला हवी, स्वतंत्र गॅरेजना परवडणारे स्कॅनर मिळायला हवेत आणि तालुक्याच्या आयटीआयमध्ये बीएस-6 इंजिनावर हात बसवायची सोय व्हायला हवी.