काळ्यावर काळी पट्टी

मैंदर्गीत मोटरसायकल रंगवायला टाकली की पेंटर 'कुठला कलर?' हे नंतर विचारतो. आधी विचारतो, 'मॅट का ग्लॉसी?' अक्कलकोट तालुक्यातलं हे गाव, कर्नाटकची हद्द जवळ. दुकानातलं बोलणं अर्धं कन्नडात, अर्धं मराठीत; पण मॅट, ग्लॉसी, क्लिअर, प्रायमर हे शब्द दोन्हीकडे सारखेच. माझं उत्तर कित्येक वर्षांपासून ठरलेलं आहे: दोन्ही. आणि रंग मात्र एकच. काळ्या चकचकीत टाकीवर काळीच मॅट पट्टी. सावलीत उभी केली तर नुसती काळी टाकी दिसते. उन्हात आणून दोन पावलं बाजूला सरकलं की पट्टी उठून येते. गाड्यांच्या रंगापायी मी बराच वेळ आणि पैसा घालवला, पण या एका युक्तीनं जेवढं खिळवलं तेवढं दुसऱ्या कशानं नाही. तेव्हा हा लेख तिच्याकडेच झुकणार.

इतिहास उरकून टाकू. १९२३ मध्ये ड्युपॉन्टनं 'ड्युको' हे झटपट वाळणारं लॅकर आणलं आणि दिवसचे दिवस वाळत पडणारा गाडीचा रंग तासांवर आला. त्याच्या आधी, १९२० मध्ये, मुंबईत लोअर परळला गहागन पेंट्स नावाची कंपनी निघाली होती. तीच आजची कन्साई नेरोलॅक. मॅटची हौस मात्र अमेरिकेतल्या हॉट रॉडवाल्या पोरांची. इंजिनावरच पैसे संपायचे, मग गाडी प्रायमरवरच पळवायची, आणि पुढे त्या अर्धवटपणाचीच ऐट झाली. हार्ले-डेव्हिडसननं मॅट काळा 'ब्लॅक डेनिम' या नावानं विकला. २०१७ मध्ये रॉयल एन्फील्डनं क्लासिक ५०० 'स्टेल्थ ब्लॅक'मध्ये काढली. मुंबईत अक्षय वर्दे यांच्या 'वर्देंची'नं बुलेटचं रूप पार पालटून दाखवलं. असं करत करत ते लोण आमच्याकडे पोचलं. झालं.

आता मुद्द्याचं. चकचकीत आणि मॅट यांतला काळा रंग एकाच डब्यातला असू शकतो. फरक असतो तो सगळ्यात वरच्या थरात, क्लिअरमध्ये. ग्लॉस क्लिअर वाळताना सपाट बसतो आणि उजेड आरशासारखा एकाच दिशेनं परतवतो. मॅट क्लिअरमध्ये सिलिकाची अतिबारीक भुकटी घातलेली असते. थिनर उडून थर आकसला की हे कण पृष्ठभागावर नजरेला न दिसणारा खडबडीतपणा आणतात आणि उजेड चहूकडे विखुरतो. चमक मोजायला ग्लॉसमीटर असतो. साठ अंशांच्या कोनातून उजेड टाकायचा. ठरावीक जातीच्या पॉलिश केलेल्या काळ्या काचेला १०० गुण धरायचे. चांगली ग्लॉस टाकी नव्वदच्या आसपास जाते, अस्सल मॅट दहाच्या आगेमागे राहते.

खरी गंमत डोळ्यांना दिसते ती यापुढे. मॅटवरून विखुरलेला पांढरा उजेड थोडा थोडा सगळीकडे पोचतो, म्हणून मॅट काळा कुठूनही पाहिला तरी किंचित राखाडी वाटतो. ग्लॉसवरून उजेड एकाच वाटेनं परततो. त्या वाटेवर आपण नसलो तर ग्लॉस विहिरीसारखा खोल काळा दिसतो, आणि नेमके त्या वाटेवर आलो तर तो पांढरा लखलखतो. म्हणजे एकाच टाकीवरची मॅट पट्टी एका जागेवरून भोवतालापेक्षा फिकी दिसते आणि दुसऱ्या जागेवरून भोवतालापेक्षा काळी! लाल टाकीवर पांढरी पट्टी मारली तर ती सकाळ-संध्याकाळ पांढरीच. काळ्यावरची काळी पट्टी मात्र बघणाऱ्याबरोबर फिरते. सोलापुरी ऊन या खेळाला फार मानवतं. ढगाळ दिवसात तो निम्मा विझतो.

मैंदर्गीतल्या ज्या पेंटरकडे मी जाऊन बसतो, त्याचं दुकान म्हणजे पत्र्याची शेड, एक कंप्रेसर, दोन गन आणि भिंतीला टांगलेल्या टाक्या, मडगार्ड. गन मारायची वेळ पहाटेची. सूर्य चढला की वारा सुटतो आणि वाऱ्याबरोबर काळ्या रानाची धूळ येते. त्याआधी जमिनीवर पाणी मारून धूळ बसवायची. उन्हाळ्यात थिनरही सावकाश उडणारा घ्यावा लागतो, नाहीतर फवारा टाकीवर पोचेपर्यंत हवेतच सुकतो आणि हाताला खरखर लागते. मॅट सोपं, कारण पॉलिश करायला नको, असं गिऱ्हाइकाला वाटतं. त्यावर हा हसतो. 'काका, ग्लॉसीत कचरा बसला तर पेपर मारून काढता येतोय की. मॅटमधे बसला, तर बसला. परत सगळा क्लिअर.'

अगदी खरं आहे. ग्लॉसवर माशी बसली, ओघळ आला, तरी पंधराशे-दोन हजार नंबरचा वॉटर पेपर आणि कंपाउंड यांनी सगळं निस्तरता येतं. मॅटला पेपर लावला की तेवढाच ठिपका चमकू लागतो. शिवाय सिलिका डब्याच्या तळाशी बसते, त्यामुळे आधी नीट ढवळायला हवं. गनचा हात एके ठिकाणी रेंगाळला की तिथला थर जाड होतो, उशिरा वाळतो आणि जास्त चमकतो. मॅटची पट्टी एका दमात, एका चालीनं मारावी लागते. आमचा पेंटर त्या वेळी फोन उचलत नाही. एरवी तो दर दोन मिनिटांनी उचलतो.

क्रमही ठरलेला आहे, आणि त्याला कारण आहे. आधी पूर्ण टाकी ग्लॉस करायची, वाळू द्यायची, घासून कंपाउंड मारायचं, मग कंपाउंडचा तेलकटपणा पुसून काढायचा. नंतर कडेला बारीक प्लास्टिकची फाइनलाइन टेप लावायची, कारण साध्या कागदी मास्किंग टेपखाली क्लिअर झिरपतो आणि कड करवतीसारखी येते. टेपच्या आतला भाग करड्या स्कॉचब्राइटनं मारून मंद करायचा, त्यावर मॅट क्लिअर, आणि तो पुरता वाळायच्या आत टेप मागे दुमडून ओढायची. उलट, म्हणजे मॅट आधी आणि ग्लॉस नंतर केलं, तर मॅटवर टेप चिकटवावी लागते आणि तिचा डिंक त्या खडबडीत पृष्ठभागावर डाग सोडतो.

एवढं करूनही एक गोष्ट उरते, आणि माझा जीव तिथेच अडकला आहे: कड. मॅटचा थर ग्लॉसच्या वर बसतो, म्हणून तिथे पायरी तयार होते. जेमतेम केसाच्या जाडीची. पण नख फिरवलं की कळते.

ही पायरी ज्यांनी कित्येक शतकांपूर्वी नाहीशी केली ते कारागीर आमच्यापासून लांब नाहीत. कलबुर्गीमार्गे बीदरला गेलं की बिदरी कामाची दुकानं लागतात. काळं मॅट भांडं आणि त्यावर लखलखती चांदी. माझ्या मते दख्खनमधलं मॅट-ग्लॉसचं सर्वोत्तम काम हेच, आणि मोटरसायकल रंगवणाऱ्या प्रत्येकानं ते एकदा हातात घेऊन पाहावं. भांडं ओततात ते मुख्यतः जस्ताचं, त्यात थोडं तांबं. कानशीनं घासून गुळगुळीत करतात, मोरचूद चोळून तात्पुरतं काळं करतात, म्हणजे त्यावर कोरलेली रेघ नीट दिसते. मग छिन्नीनं नक्षी खोदून त्या खाचांत चांदीची तार ठोकून बसवायची आणि सगळं पुन्हा एकसारखं घासायचं. या घडीला जस्तही चमकतं, चांदीही चमकते, नक्षी जवळजवळ हरवलेली असते. शेवटी बीदरच्या किल्ल्यातली जुनी माती आणि नवसागर यांचा लेप तापवलेल्या भांड्याला चोळतात. जस्ताचा मिश्रधातू काळा ठिक्कर आणि मॅट होतो. चांदीला तो लेप काहीच करत नाही. वरून तेलाचा हात फिरवला की काळा आणखी गडद.

पायरी कुठेच नाही! दोन्ही पृष्ठभाग आधी एका पातळीवर आणले आणि मग त्यांतल्या एकालाच मंद केलं. बीदरहून परतताना माझ्या डोक्यात तेवढंच होतं: टाकीवर हे जमेल का?

निम्मं जमतं. वरचा मॅट क्लिअर वगळायचा आणि ग्लॉसचाच पट्टीपुरता भाग बारीक स्कॉचब्राइटनं, पाणी घालत, एका दिशेनं घासून मंद करायचा. पायरी शून्य. पट्टी रेशमी दिसते, पुरती मॅट नाही. पण हातानं घासून आणलेलं मंदपण पुसून पुसून परत चमकू लागतं, आणि दरवेळी घासताना क्लिअर थोडा पातळ होतो. पेंटरचं मत माझ्याविरुद्ध आहे. त्याला पायरी चालते. वर तो कडेवर बारीक सोनेरी रेघ ओढून ती झाकून टाकतो. गिऱ्हाईकही त्या रेघेवर खूश असतं. मला ती रेघ म्हणजे पळवाट वाटते. आमचा हा वाद मिटलेला नाही.

कुठे मॅट आणि कुठे ग्लॉस, यात मात्र माझं मत पक्कं आहे, आणि ते फॅशनवर अवलंबून नाही. टाकीच्या दोन्ही बाजूंना जिथे गुडघे घासतात तिथे मॅट नको. पँटच घासून घासून त्याला पॉलिश करते आणि टाकीवर दोन चमकते चट्टे उमटतात. पेट्रोलच्या झाकणाभोवती मॅट नको, सांडलेल्या पेट्रोलचा डाग त्यात बसतो. मॅट वर, मधोमध, जिथे हात-पाय पोचत नाहीत आणि चालवताना उन्हाची तिरीप डोळ्यांत येते तिथे. साइड पॅनेलला चालेल, हेडलाइटच्या डब्याला छान दिसेल. पूर्ण गाडी मॅट करणाऱ्यांशी मी वाद घालत नाही. पण शेजारी ग्लॉस असल्याशिवाय मॅटची मजा कळत नाही, आणि धूळभरल्या गावात पूर्ण मॅट गाडी दोन दिवसांत नुसती मळकी दिसते.

दोन गोष्टी कोरड्या, पण सांगायलाच हव्यात. टू-के, म्हणजे दोन घटक मिसळून मारायच्या, क्लिअरच्या हार्डनरमध्ये आयसोसायनेट असतं. त्यानं दमा जडतो, आणि एकदा शरीर बिथरलं की पुढे थोडासा फवाराही त्रास देतो. तोंडाला बांधलेला रुमाल त्याला अडवत नाही. बाहेरून स्वच्छ हवा पुरवणारा मास्क हाच खरा उपाय. शेडमध्ये असे रुमालच जास्त दिसतात, हे मला अजिबात आवडत नाही.

दुसरी गोष्ट कायद्याची. गाडीचा रंग आरसी बुकात नोंदलेला असतो, तेव्हा तो बदलला तर सोलापूरला आरटीओत नोंद करून घ्यावी. काळ्यावर काळी पट्टी मारणाऱ्याला ही यातायात नाही. गाडी काळीच राहते. पोरं हौसेनं मिलिटरीचा मॅट हिरवा मागतात, तो मात्र अजिबात मारू नये. केंद्रीय मोटार वाहन नियम १९८९ मधल्या १२१ क्रमांकाच्या नियमानं ऑलिव्ह ग्रीन फक्त संरक्षण खात्याच्या वाहनांसाठी राखलेला आहे.

राहिली निगा. मॅटला मेण नको, कंपाउंड नको, चमक यावी म्हणून डिझेलचा बोळा तर मुळीच नको. साधा शाम्पू, पाणी, मऊ फडकं पुरे. पण आपल्याकडे मॅटची खरी परीक्षा खंडेनवमीला, दसऱ्याला आणि पाडव्याला होते. गाडी धुवायची, झेंडूची माळ घालायची आणि टाकीवर मधोमध, नेमकं मॅटवर, ओलं हळदकुंकू! ते त्या सूक्ष्म खाचांत असं मुरतं की पुढच्या सणापर्यंत पिवळट छटा राहते, आणि घासायला गेलं की चमकतं. आमच्या पेंटरनं यावर तोडगा काढला आहे. गाडी ताब्यात देताना तो मालकाला नाही, मालकाच्या आईला बाहेर बोलावतो आणि टाकीवर बोट ठेवून, आधी कन्नडात आणि मग मराठीत, सांगतो: 'अव्वा, कुंकू हितं चमकतंय तिथं लावायचं. ह्या पट्टीला नाही.'