हुकूमशहा, न्हावी आणि नगरचा बंदिवास

सप्टेंबर १९३९. चार्ली चॅप्लिन हॉलिवूडमध्ये ‘द ग्रेट डिक्टेटर’चे चित्रीकरण सुरू करत होता, आणि त्याच सुमारास इकडे नगरच्या छावणीत जर्मन स्थानबद्ध येऊ लागले होते. ब्रिटनने ३ सप्टेंबरला युद्ध पुकारले आणि हिंदुस्थानातला जर्मन माणूस रातोरात शत्रू ठरला. नंगा पर्वताची पाहणी करून परतणारा गिर्यारोहक हाइनरिश हारर कराचीत पकडला गेला आणि नगरला आला. तो हिटलरच्या एसएस दलाचा सदस्य होता, हे जगाला कळले १९९७ साली. हिटलरपासून जीव वाचवून इथे आलेल्या ज्यूंनाही केवळ जर्मन म्हणून स्थानबद्ध केले गेले. मारेकरी आणि ज्यांच्या जिवावर तो उठलेला, ते दोघेही सरकारदप्तरी एकच!

चॅप्लिनची कथा नेमकी याच घोटाळ्यावर उभी आहे. टोमेनियाचा हुकूमशहा हिंकेल आणि ज्यू वस्तीतला न्हावी, दोघे एकाच चेहऱ्याचे. शेवटी शिकारीच्या कपड्यांतल्या हिंकेलला त्याचेच शिपाई न्हावी समजून पकडतात, आणि गणवेश चढवलेला न्हावी व्यासपीठावर जातो. चॅप्लिनने या चित्रपटात स्वतःचा पैसा घातला. १५ ऑक्टोबर १९४० रोजी तो न्यूयॉर्कमध्ये लागला, तेव्हा अमेरिका युद्धात उतरलेलीही नव्हती. शेवटचे भाषण गाजले खरे, पण मला ते जरा लांबलेलेच वाटते. पृथ्वीच्या फुग्याशी हिंकेल लाडाने नाचतो, ते दृश्य एका शब्दाविना जास्त सांगते. हिंकेलची निरर्थक, जर्मनसारखी वाटणारी आरडाओरड तर आपल्या वगातल्या सोंगाड्याला सहज साधेल. ‘गाढवाचं लग्न’ या वगावर पोट धरून हसलेल्या माणसाला हिंकेल परका वाटायचा नाही.

सिनेमावाल्यांनाही या युद्धाची झळ बसली. मालाडच्या बॉम्बे टॉकीजमध्ये ‘कंगन’चे काम चालू असताना दिग्दर्शक फ्रान्झ ऑस्टेनला अटक झाली, तो नाझी पक्षाचा सदस्य होता. छायाचित्रकार जोसेफ विर्शिंगही स्थानबद्ध झाला. युद्ध संपल्यावर त्याने ‘महल’ चित्रित केला.

पण खरा विनोद पुढे घडला. ऑगस्ट १९४२ मध्ये सरकारने काँग्रेस कार्यकारिणीचे १२ नेते नगरच्या किल्ल्यात आणून ठेवले. त्यांत मौलाना आझाद, वल्लभभाई, शंकरराव देव होते, आणि जवाहरलाल नेहरूही. मार्च १९३६ मध्ये, पत्नी कमलाबाईंच्या निधनानंतर रोममार्गे परतताना मुसोलिनीने भेटीला बोलावले असता नेहरूंनी ठाम नकार दिला होता. फॅसिझमविरुद्ध लढतो म्हणणाऱ्या साम्राज्याने त्याच माणसाला, जिथे हाररला ठेवले होते त्याच गावी कोंडले. १९४४ मध्ये त्यांनी किल्ल्यातच ‘डिस्कव्हरी ऑफ इंडिया’ लिहिले. चॅप्लिनला हे कथानक कुणी सुचवले असते, तर त्याने ते अतिरंजित म्हणून बाजूला ठेवले असते.

छळछावण्यांतली खरी भीषणता ठाऊक असती तर हा चित्रपट करूच शकलो नसतो, अशी कबुली चॅप्लिनने १९६४ च्या आत्मचरित्रात दिली. तरीही त्याने तो केला हे बरेच झाले, कारण हुकूमशहांना तो झोंबला. फ्रँकोच्या स्पेनमध्ये तो दिसू शकला नाही. तिथे तो लागला १९७६ साली, फ्रँको गेल्यावर.

पाथर्डीच्या बाबूजी आव्हाड महाविद्यालयात किंवा तालुक्यातल्या कुठल्याही शाळेत पडदा लावून हा दोन तासांचा चित्रपट दाखवावा. दुसऱ्या दिवशी मुलांना नगरच्या किल्ल्यात घेऊन जावे, आणि कोण कुणाला का कोंडतो यावर त्यांनाच बोलू द्यावे.