चित्र बरोबर दिसतंय म्हणजे डेटा बरोबर आहे का?

मागच्या वर्षी प्रगती अहवालाच्या आदल्या रात्री माझा एक आकडा बरोबर दुप्पट आला होता. स्क्रीनवर मात्र काहीच चुकलेलं दिसत नव्हतं. संशोधनाकडे वळणाऱ्यांना हा किस्सा उपयोगी पडेल, म्हणून लिहितोय.

माझं काम इमारतीच्या भिंतीवर पडणाऱ्या सौरऊर्जेवर आहे. मॉडेल मी ग्रासहॉपरमध्ये करतो. हे राइनो या थ्रीडी सॉफ्टवेअरमधलं साधन. यात कोड लिहायची गरज नसते. कंपोनंट मांडायचे आणि वायरने एकमेकांना जोडायचे. प्रत्येक कंपोनंटची भूमिती लगेच राइनोच्या खिडकीत दिसते: एरवी लाल, कंपोनंट निवडला की हिरवी. हा झाला प्रिव्ह्यू. 'बेक' करेपर्यंत ती भूमिती राइनोच्या फाइलमध्ये येत नाही.

माझी भिंत १४.४ मीटर रुंद आणि १२ मीटर उंच. तिचे १२ × ८ असे ९६ भाग केले होते, प्रत्येक १.८ चौरस मीटरचा. एकूण क्षेत्रफळ १७२.८ यायला हवं. आलं ३४५.६! मग एकूण ऊर्जाही दुप्पटच येणार.

झालं काय होतं? शिफ्ट दाबून वायर जोडली की जुनी वायर तशीच राहते आणि दोन्हींचा डेटा एकत्र होतो. माझ्याकडून तेच झालं. तेच ९६ भाग दोनदा आत गेले. दुसरा संच पहिल्यावर तंतोतंत बसला, मग डोळ्यांना कळणार कसं? वायरच्या रेषेवरूनही कळलं नसतं. एक वस्तू असेल तर एकेरी रेघ, यादी असेल तर दुहेरी, डेटा ट्री असेल तर तुटक दुहेरी. पण यादी ९६ ची असो की १९२ ची, रेघ दुहेरीच.

चूक सापडली ती 'पॅनेल' जोडल्यावर. पॅनेल डेटाचा मजकूर दाखवतं. मोजणी शून्यापासून होते, म्हणून शेवटचा क्रमांक ९५ हवा होता. तिथे १९१ होता! 'पॅराम व्ह्यूअर'नेही प्रत्येक फांदीत किती वस्तू आहेत ते कळतं.

रंगांचं पण तसंच आहे. 'ग्रेडियंट'ची मर्यादा मुळात ० ते १ असते. तुमच्या किमती शेकड्यात असतील आणि मर्यादा बदलली नसेल, तर सगळी भिंत एकाच रंगाची दिसेल. आपण समजायचं, ऊन सगळीकडे सारखंच पडतंय! म्हणून 'बाउंड्स'ने किमान-कमाल काढून त्या मर्यादा आधी ग्रेडियंटला द्या.

थोडक्यात, भूमितीचा प्रिव्ह्यू 'कुठे आहे' हे सांगतो. 'किती आहेत' आणि 'कोणत्या फांदीत आहेत' हे सांगत नाही. त्यासाठी पॅनेल आणि पॅराम व्ह्यूअर लागतातच.

आता मी एक सवय लावून घेतली आहे. वायर जोडण्याआधी वहीत लिहितो: इथून किती वस्तू बाहेर पडायला हव्यात? मगच पॅनेल बघतो. आधी पॅनेल बघितलं की दिसेल तो आकडा बरोबरच वाटतो, हा स्वानुभव आहे.

त्या रात्री मला वाचवलं ते रुंदी गुणिले उंची या शाळेतल्या गणिताने. तुमच्या मॉडेलमध्ये असं हाताने पडताळता येईल असं काय आहे, ते आजच शोधून ठेवा.